वहीतली म्हण, बांधावरची म्हण

इंग्रजी म्हणी आमच्या भागात आल्या त्या अक्षर सुधारण्यासाठी. चार रेघांची वही, पहिल्या ओळीत गुरुजींनी लाल शाईने घालून दिलेला कित्ता, आणि खाली पान संपेपर्यंत तेच वाक्य आपण उतरवत जायचं: ‘अ स्टिच इन टाइम सेव्ह्ज नाइन’. सातारा-सांगलीकडच्या मराठी शाळांत तेव्हा इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं. पुढे हायस्कुलात गेलं की याच म्हणी कल्पनाविस्तारासाठी परीक्षेत यायच्या. पाच मार्कांना पंधरा ओळी. एक टाका वेळेवर घातला तर नऊ टाके वाचतात, हे आम्ही व्याकरणाची एकही चूक न करता लिहू शकत होतो. गुरुजी शिकवायचे मनापासून, मुलंही लिहायची मनापासून. पण ते वाक्य कुणी, कशापायी, काय गमावून पहिल्यांदा उच्चारलं असेल, हे विचारायची सोय त्या वहीत नव्हती.

त्या काळाच्या बरंच मागे गेलं तर वाहतूक उलट्या दिशेनेही चालू होती असं दिसतं. चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड मॅनवेअरिंग हे आपल्या म्हणी गोळा करत होते. १८९९ मध्ये ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन प्रेसने त्यांचं मराठी म्हणींचं पुस्तक छापलं. शेती, जनावरं, शरीर, भाकरी, कपडे, घर, पैसा, नाती अशा कप्प्यांत लावलेल्या एकोणीसशेच्या आसपास म्हणी. मला त्या पुस्तकातली कप्प्यांची यादीच फार बोलकी वाटते. माणसं ज्या गोष्टींनी रोज अडतात, त्याच गोष्टींवर म्हणी होतात. इंग्लंडातल्या शेतकऱ्याचंही तेच असणार. गवत वाळवायचं, कापड बेतायचं, उडी मारायच्या आधी पलीकडचा चर बघायचा. त्याच्या म्हणी आमच्या वहीत आल्या तेव्हा गवत, कापड आणि चर मागे राहिले होते, वाक्य तेवढं आलं होतं.

मला जे सांगायचं आहे ते याच मागे राहिलेल्या गोष्टींबद्दल. म्हण हा सल्ला नसतो. ती कुणीतरी सोसल्याची, भरल्याची पावती असते. किंमत कुणी मोजली हे ठाऊक असेल तर म्हण कामाला येते, नाहीतर ती फळ्यावरचा सुविचार होऊन बसते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डस्टरने पुसली जाते. वहीतल्या त्या परक्या म्हणींची किंमत याच दोन जिल्ह्यांत कुणीकुणी मोजलेली आहे हे मला पुढे कळत गेलं, आणि तेव्हापासून त्या मला परक्या वाटेनाशा झाल्या.

तासगाव तालुक्यात ऑक्टोबर छाटणी झाली की द्राक्षबागायतदाराची झोप जाते. छाटणीनंतर काडी फुटते, कोवळी पानं येतात, घड दिसू लागतो, आणि नेमकं याच दिवसांत परतीचं किंवा अवकाळी आभाळ येतं. पान काही तास ओलं राहिलं की डाऊनी शिरतो. जुनी माणसं त्याला दावण्या म्हणतात. आधी पानावर तेलाचा थेंब पडल्यासारखा पिवळसर डाग दिसतो. पान उलटं केलं की त्याच जागी खाली पांढरी बुरशी. ती घडावर गेली तर घड तपकिरी होऊन गळतो, आणि वर्षाचं उत्पन्न आठ दिवसांत मातीत जातं. औषध आहे, पण त्याची गोम अशी की ते पाऊस येण्याआधी पानावर पोचलेलं असावं लागतं. बुरशी आत शिरल्यावर मग चार फवारण्या करा, सहा करा, महागातलं औषध आणा, गेलेला घड परत येत नाही.

एका बागेत मी हे रात्री पाहिलं आहे. साडेदहा-अकराची वेळ. पश्चिमेला वीज चमकत होती, आवाज अजून नव्हता. ट्रॅक्टरच्या दिव्यात ब्लोअरचा फवारा मांडवाखालून धुकं सोडत पुढे चालला होता. बागवाल्याचा थोरला मुलगा ट्रॅक्टरवर, धाकटा टाकीपाशी औषध कालवत होता, बाप प्रत्येक ओळीच्या टोकाला उभा राहून बॅटरीच्या उजेडात पान उलटं करून बघत होता, खालून ओलं झालंय का. त्याला कुणी तरी म्हणालं, उद्या सकाळी बघू की, पाऊस येईलच असं कुठं आहे? त्याने मान वर केली नाही. “आला म्हंजे? एका फवाऱ्याचं सोडलं तर धा फवारं मारावं लागत्यात, आन् बाग जाती ती जातीच.” नऊ टाक्यांचा हिशेब त्याच्याकडे दहाचा होता, एवढाच फरक. हा माणूस शाळेत फार गेलेला नव्हता. पण त्याच्या आधीच्या दोन वर्षांत त्याने एक पीक असंच घालवलेलं होतं आणि सोसायटीचं कर्ज अजून फिटत होतं. चाररेघी वहीत आम्ही पानभर जे गिरवलं, ते त्याने तेवढ्या रात्रीत दोन एकरांवर लिहिलं.

याच पट्ट्यात उन्हाळ्यात बेदाण्याच्या शेडवर गेलं की दुसरी म्हण भेटते. ‘मेक हे व्हाइल द सन शाइन्स’. आमच्याकडे गवत वाळवायची घाई कधीच नव्हती, ऊन मुबलक. त्यामुळे ही म्हण वर्गात सर्वांत निर्जीव वाटायची. पण द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवून जाळ्यांवर पसरली की पुढचे दोन-अडीच आठवडे बेदाणावाला आभाळाकडेच बघत असतो. मार्च-एप्रिलमधला एक वळीव, आणि सोनेरी-हिरवा व्हायचा तो बेदाणा काळपट पडतो, दर निम्म्यावर येतो. म्हणून शेडवर त्या दिवसांत लग्नाची आमंत्रणं फिरकत नाहीत. ऊन आहे तोवर बाकी सगळं थांबतं.

आता हरिपूर. सांगलीला लागून, कृष्णा आणि वारणेच्या संगमावरचं हे गाव. नाटककार गोविंद बल्लाळ देवल इथलेच. पण माझ्या विषयाला लागते ती इथली जमीन. या गावात हळद साठवायची ती जमिनीच्या पोटात, पेवांत. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आणि आत पोट रुंद. तळाला आणि कडेने गवत-पाचटाचा थर, त्यावर हळद, वरून दगडी झाकण आणि माती. इथल्या मातीचा गुण असा की आत हळद वर्षानुवर्षं राहते, कीड लागत नाही, रंग जात नाही. सांगलीच्या हळदपेठेचं नाव देशभर झालं त्यात या पेवांचा वाटा मोठा आहे. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं.

पेव उघडायचं काम जोखमीचं. झाकण काढलं की लगेच आत उतरायचं नाही. कोंडलेल्या हवेत माणूस गुदमरतो. पेव बराच वेळ उघडं ठेवायचं, मग दोरीला बांधून पेटता कंदील आत सोडायचा. कंदील विझला तर वर ओढायचा आणि पुन्हा थांबायचं. ज्योत टिकली तरच हमाल उतरतो. ‘लुक बिफोर यू लीप’ ही म्हण मी कितीतरी वेळा लिहिली होती आणि दर वेळी डोळ्यापुढे एखादा चर आणि त्याच्या काठावर थबकलेला माणूस यायचा. हरिपुरात बघणं हे काम डोळ्याकडे नाहीच. आत काळोख आहे, आणि मारणारी गोष्ट दिसणारी नाही. बघायचं ते ज्योतीच्या डोळ्याने. एवढं बारीक शहाणपण एका दिवसात येत नाही. पहिल्यांदा कंदील सोडायचं कुणाला सुचलं, त्याच्या आधी त्या पेवातून कुणाला तरी खांद्यावर घालून बाहेर काढावं लागलं असणार. हमालांच्या घरांत ते नाव कुठवर आठवत असेल कुणास ठाऊक, पण कंदील मात्र राहिला.

आणि याच पेवांनी २००५ साली दुसरी म्हण शिकवली. त्या वर्षी महापुराचं पाणी हरिपुरात शिरलं आणि पेवांत उतरलं. पिढ्यान्‌पिढ्या ज्या जमिनीने हळद सांभाळली तिच्याच पोटात ती कुजली. पुष्कळ पेवं ढासळली. ज्यांचा सगळा माल तिथेच होता त्यांचं सगळंच गेलं. सगळी अंडी एका टोपलीत ठेवू नयेत, हे इंग्रज गृहिणीचं वाक्य एरवी गुंतवणुकीचे सल्लागार फार सहज वापरतात. हरिपूरच्या व्यापाऱ्यापुढे ते वापरायचं धाडस मला होणार नाही. कारण त्याच्या बापाने, आज्याने त्याच टोपलीच्या जोरावर घर उभं केलं होतं, आणि टोपली वाईट नव्हती. आता बराच माल गोदामांत आणि शीतगृहांत जातो. जी पेवं शिल्लक आहेत त्यांची संख्या दर वर्षी कमी होते आहे, याचं मला वाईट वाटतं. साठवणीचं इतकं शुद्ध, विजेशिवाय चालणारं ज्ञान आपण नुसतं पुरात वाहू द्यावं का? वर उचललेल्या कडांची, पाणी न शिरणारी पेवं बांधून बघायला हवीत, असं मी हरिपुरात बोललोही आहे.

बेतानं राहण्याच्या म्हणी सगळ्या भाषांत सारख्याच भरतात. ‘कट युवर कोट अकॉर्डिंग टु युवर क्लॉथ’, आणि आपलं ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’. माझी आजी माण तालुक्यातली. पाऊस कमी, जोंधळा-बाजरीवर भागवायचं, आणि ७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली. मिलोची लाल भाकरी आणि सुकडी तिच्या बोलण्यात अखेरपर्यंत यायची. घरात कुणी नव्या खर्चाची गोष्ट काढली की ती म्हणायची, “आरं लेका, आदी हातरुण किती हाय ते बग.” यात कंजूषपणा नव्हता. तिच्या पिढीने पाय पसरलेली घरं सावकाराच्या वहीत गेलेली पाहिली होती. या म्हणीने माण-खटाव आणि आटपाडी-जतची किती घरं तगवली याची मोजदाद कुणी केली नाही, पण तगवली हे खरं.

तरीही या म्हणीशी माझं भांडण आहे, आणि ते भांडण मला याच मातीतल्या माणसांनी दिलं. कराडजवळच्या टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर. पुण्यात शिकताना अंगावरचा एकच सदरा रात्री धुऊन सकाळी घालणारा विद्यार्थी. एम. ए. झाल्यावर कापड मोठं मिळण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी आईला कळवलं की मोठ्या पगाराची आशा धरू नकोस. कोट त्यांनी कापडाप्रमाणेच बेतला, पण कापडच तोकडं मागून घेतलं. म्हणीच्या आज्ञेत राहून म्हणीच्या पलीकडे गेलेला माणूस मला तरी दुसरा माहीत नाही.

आणि मग कर्मवीर भाऊराव पाटील. १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले या गावी रयत शिक्षण संस्था सुरू झाली, १९२४ मध्ये साताऱ्याला आली. सर्व जातींची मुलं एका वसतिगृहात, एका पंगतीला. पैसा नाही, धान्य नाही, आणि मुलं तर येतच राहिली. अंथरूण बघणारा माणूस पाच मुलांवर थांबला असता. एका वेळी वसतिगृहातल्या मुलांच्या तोंडी घास नाही अशी पाळी आली तेव्हा लक्ष्मीबाईंनी, भाऊरावांच्या पत्नीने, दागिने तर दिलेच, मंगळसूत्रही दिलं. त्या काळच्या त्या घरातल्या बाईने गळ्यातलं काढून देणं म्हणजे काय, हे आज समजावून सांगणंही अवघड आहे. अंथरूण संपलं होतं, तिने स्वतःला अंथरलं. १९३० मध्ये ती गेली. रयतच्या शाळेत शिकलेली लाखो मुलं आज जगभर आहेत, आणि त्यांतल्या प्रत्येकाच्या पायाखाली ते मंगळसूत्र आहे.

पण पुढचं पाहा. ती संस्था चालली ती पुन्हा एका घरगुती शहाणपणावरच. मुष्टिफंड. बायकांनी रोज दळायला बसताना मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायचं आणि ते वसतिगृहासाठी गोळा व्हायचं. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण आम्ही पोस्टातल्या बचतीच्या जाहिरातींत वाचली, साताऱ्यातल्या जात्यांपाशी ती आधीच चालू होती. आणि ‘कमवा आणि शिका’ हेही तसंच, मुलं स्वतः खोदायची, बांधायची, पिकवायची. एका म्हणीला मोडायचं आणि दुसरीला धरायचं, कुठली केव्हा, हे कळणं हाच खरा शहाणपणा. म्हणी एकमेकींच्या विरोधात बोलतात म्हणून त्यांना नावं ठेवणारे मला भेटतात. ‘लुक बिफोर यू लीप’ म्हणता आणि लगेच थांबला तो संपला असंही म्हणता! मला त्यात दोष दिसत नाही. माझ्या आजीकडे दोन्ही बाजूंच्या म्हणी होत्या, आणि समोर कोण बसलंय ते बघून ती त्यांतली एक काढायची. उधळ्या पुतण्याला अंथरुणाची, आणि नापास होऊन घरी बसलेल्या नातवाला ‘प्रयत्नांती परमेश्वर’. चुकीच्या माणसाला चुकीची म्हण तिने कधी दिली नाही.

हेच भाऊराव आधी किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव हिंडले होते. त्या नांगराची गोष्टही एका म्हणीच्या विरुद्ध जाणारी आहे. लोखंड तापलेलं असतानाच घाव घालावा, असं इंग्रज लोहार सांगतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर केला तेव्हा शेतकऱ्यांची समजूत होती की लोखंडाने जमिनीला विष बाधतं. नांगर दोन वर्षं तसेच पडून राहिले. थंड लोखंडाशेजारी दोन वर्षं बसायची ताकद कोणत्या म्हणीत आहे? १९१० मध्ये औंधच्या राजांनी निवडुंगाचं एक माळरान दिलं, आणि तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज पलूस तालुक्यातल्या त्या स्टेशनावरून जाताना ते निवडुंग कुठे होतं ते ओळखू येत नाही.

‘अर्ली टु बेड अँड अर्ली टु राइज’बद्दल फार बोलत नाही. ज्या शेतकऱ्याच्या पंपाला आठवड्यातले अर्धे दिवस रात्रीच वीज मिळते, तो मध्यरात्री काठी-बॅटरी घेऊन उसाला पाणी द्यायला निघतो. सापाचं भय, थंडी, पायाखालचा चिखल. त्याच्या पोराला वर्गात ही म्हण पाठ करायला लावायची तर आधी त्याच्या बापाला दिवसा वीज द्यावी.

काही म्हणी मात्र सरळ चुकीच्या असतात, आणि त्या चुकीच्या आहेत हे कुणीतरी करून दाखवावं लागतं. बिबट्या आपले ठिपके बदलत नाही, असं इंग्रजी म्हण सांगते. आपली जास्त कडक: ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’. आटपाडीजवळ औंध संस्थानाने १९३९ मध्ये याचं उत्तर दिलं. राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि मॉरिस फ्रिडमन नावाचे मूळचे पोलंडचे इंजिनिअर, खादीधारी झालेले, यांनी गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या कैद्यांची एक वसाहत मांडली. भिंत नाही, बेडी नाही. कैद्याने कुटुंबासह राहायचं आणि शेती करायची. नाव स्वतंत्रपूर. ग. दि. माडगूळकर याच मुलखातले. त्यांच्या कथेवर व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. सिनेमा देशाने पाहिला, वसाहत फार थोड्यांनी. ती आजही आहे. माळावरची शेती, विहीर, घरं, अंगणात वाळत घातलेले लहान मुलांचे कपडे. खुनाच्या गुन्ह्यातला माणूस दार उघडं ठेवून झोपतो आणि पळून जात नाही, यावर म्हण करणाऱ्याचा विश्वास बसला नसता. त्या म्हणीने किती माणसांना दुसरी संधी नाकारली असेल, हा विचार मला अस्वस्थ करतो. पाच मार्कांसाठी आम्ही ज्या म्हणी बिनशर्त खऱ्या मानून विस्तारल्या, त्यांत ही पण होती.

मॅनवेअरिंगच्या पुस्तकात आणि आपल्या तोंडात अशा आणखी म्हणी आहेत. बाईच्या अकलेवरच्या, सुनेवरच्या, विधवेवरच्या, एकेका जातीच्या स्वभावावरच्या. लोकपरंपरा म्हणून त्यांना कवटाळणाऱ्यांशी मी सहमत नाही. त्या पावत्याच आहेत, पण किंमत भलत्याने मोजलेल्या. ज्याने म्हण केली त्याने सोसलं नाही, जिच्यावर केली तिने सोसलं. कोशात त्या राहाव्यात, तोंडात राहू नयेत.

आणि एक म्हण अशी की जी या भागाने खरी करून दाखवली. स्वयंपाकी फार झाले की रस्सा बिघडतो, असं इंग्रजीत आहे. आपल्याकडे नेमकं उलट, ‘गाव करी ते राव न करी’. खानापूर तालुक्यात येरळा नदी वर्षातला बराच काळ नुसती वाळूची. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईतून गावाकडे परतलेले कामगार आणि इथले शेतकरी यांनी मुक्ती संघर्ष चळवळीत डॉ. भारत पाटणकरांबरोबर दुष्काळाचा प्रश्न हाती घेतला. नदीतली वाळू ठेकेदार उपसून नेत होते. लोक म्हणाले, ती आमची, आम्ही थोडी विकू आणि त्यातून धरण बांधू. बलवडी आणि तांदुळवाडी या दोन गावांनी श्रमदान करून त्या दशकाच्या अखेरीस बळीराजा धरण उभं केलं. पाण्याचं वाटप ठरलं ते माणशी समान, ज्याला जमीन नाही त्या घरालाही पाण्याचा हक्क. शेकडो स्वयंपाकी होते, वाद झाले, सरकारदरबारी खेटे घालावे लागले. पण रस्सा शिजला. पुढे २०१६ मध्ये पाणी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिलं आलं, तेव्हा टीव्हीवर पाहून पुष्कळांना नवल वाटलं. येरळाकाठच्या माणसांना वाटलं नसेल.

आता नव्या म्हणी कुठे तयार होतात, असं कुणी विचारलं तर मी सांगलीच्या आयर्विन पुलाकडे बोट दाखवीन. १९२९ साली कृष्णेवर बांधलेला हा पूल. पावसाळ्यात सांगलीत कुणीही कुणाला भेटलं की विचारतं, “कोयनेतून किती सोडलंय? पूल किती?” पूल किती म्हणजे पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ धोक्याची. पुराच्या पट्ट्यातल्या प्रत्येक घराचा स्वतःचा एक आकडा असतो. अमुक फुटाला गल्लीच्या तोंडाशी, अमुक फुटाला पायरीला, अमुक फुटाला चुलीपाशी. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या वर गेलं होतं, आणि त्यानंतर चौदा वर्षं लोक त्या खुणेवर विसंबले. आमच्याकडं त्या वेळी आलं नव्हतं, आता काय येतंय! २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. जुन्या खुणेवर भरवसा ठेवून थांबलेली माणसं पत्र्यावर चढून बसली. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसं बाहेर काढणारी बोट उलटली आणि कितीतरी जण गेले. ज्या अनुभवाने सावध करायचं त्याच अनुभवाने त्यांना घरात धरून ठेवलं होतं. शहाणपण जुनं झालं की त्याची पुन्हा मोजणी करावी लागते, हे सांगलीने फार महागात शिकून घेतलं.

२०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा चढलं तेव्हा पुष्कळ घरं हुकमाची वाट न बघता आधीच रिकामी झाली होती. नदीकाठच्या एका मावशींनी मला त्यांच्या घरातला नियम सांगितला. पस्तीसला कागदपत्रं आणि औषधं पिशवीत, चाळीसला गॅस आणि धान्य माळ्यावर, बेचाळीसला जनावरं बाहेर. मी विचारलं, बेचाळीसच का, रस्त्यावर तर पाणी येत नाही तेव्हा. त्या म्हणाल्या, “म्हणूनच की. म्हस कोरड्यावरनं चालती. एकोणीस साली आमी पंचेचाळीस व्हायची वाट बगितली. रस्त्यावर घोट्याएवढं पाणी आलं, तर दोनी म्हशी दावणीतनं हालंनात. वडलं, मारलं, पोरानं शेपूट पिरगाळलं. पाण्यात पाय टाकंनात. दावं कापून सोडून आलो आमी. एक पवत वर आली चौथ्या दिशी. दुसरी न्हाय.”

घरातल्या शाळकरी नातीला हे आकडे पाढ्यांसारखे पाठ आहेत, आणि कुठल्या आकड्याला कोणती म्हैस होती हेही.